मक्खन लॅपटॉप कसा घ्यावा

सेकंडहँड लॅपटॉप घ्यायला निघालात? छान. फक्त संध्याकाळी साडेसातनंतर जा. इंदूरच्या जेल रोडला गाडी लावायला जागा मिळेपर्यंत तुमचं डोकं इतकं उठलेलं असेल की समोर जे येईल त्याला तुम्ही हो म्हणाल. मी म्हटलं.

पुतणीला कॉलेजसाठी हवा होता. दुकानदाराने शर्टाच्या बाहीने स्क्रीन पुसली, झाकण दोनदा उघडमीट करून दाखवलं आणि म्हणाला, "भिया, कंपनी का माल है, एकदम मक्खन चल रिया है." समोरच्याने भिया म्हटलं की इंदूरचा माणूस तिथेच अर्धा विरघळतो. बावीस हजार मोजून दिले.

तर माझ्या अनुभवाचा तुम्हालाही फायदा व्हावा, म्हणून काही सूचना.

दुकानदाराने यूट्यूब लावून गाणं वाजवलं की तपासणी संपली असं समजा.

बॅटरीबद्दल "बॅकअप किती?" एवढंच विचारा. "तीन घंटे आराम से" हे उत्तर ठरलेलं आहे. विंडोज स्वतःच बॅटरीचा रिपोर्ट काढून देतं, नवी असताना क्षमता किती होती आणि आता किती उरलीय ते दोन्ही आकड्यांनिशी. पण तो काढायला लावू नका, माणसाला ओशाळवाणं होतं.

पक्कं बिल मागू नका. कच्च्या चिठ्ठीवर 'एक लॅपटॉप' लिहिलेलं पुरे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मशीन बंद करून पुन्हा सुरू करायला सांगू नका, आणि सुरू होताना कीबोर्डला हात तर मुळीच लावू नका. डेलवर एफ२, एचपीवर एफ१०, थिंकपॅडवर एफ१ दाबलं की बायोसचं, म्हणजे विंडोजच्याही आधी जाग्या होणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंग्जचं, पान उघडतं. उघडू नका. आपण सभ्य माणसं, असं कुणाच्या घरात डोकावायचं नसतं.

मी डोकावलो नाही. घरी आणल्यावर पुतणी म्हणाली, "काका, यात विंडोज १० आहे, त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपला. मी ११ टाकते." प्रोसेसर आठव्या पिढीचा, म्हणजे चालायला हवं. पण ११ ला लागणारा टीपीएम नावाचा सुरक्षेचा भाग सापडत नाही म्हणे. तो बायोसमध्ये बंद करून ठेवलेला. मग बायोसमध्ये जाऊ, त्यात काय! गेलो. काळी स्क्रीन, मधोमध एक चौकोन, चौकोनात छोटंसं कुलूप. पासवर्ड?

पासवर्ड कुणाचा? ज्या ऑफिसने हे मशीन लॉटमध्ये भंगाराच्या भावाने काढलं, तिथल्या आयटीवाल्याचा. तो माणूस कोण, कुठल्या शहरातला, अजून तिथे नोकरीला आहे की नाही, देव जाणे.

मग सकाळी पोह्यांच्या गाडीवर प्रत्येकाने एकच उपाय सांगितला: आतला तो गोल सेल काढून ठेव, सगळं उडतं. उडायचं हो, जुन्या डेस्कटॉपमध्ये उडायचं! ऑफिसच्या लॅपटॉपमध्ये हा पासवर्ड वेगळ्या चिपमध्ये लिहिलेला असतो, त्याला वीज लागत नाही. सेल दहा मिनिटं काढा नाहीतर दहा दिवस. हे मला तीनशे रुपये देऊन आणि खालच्या झाकणाची एक खिट्टी मोडून घेतल्यावर कळलं. विंडोज पुन्हा टाका, विंडोजचा पासवर्ड जाईल. बायोसचा जात नाही. हार्डडिस्क बदला, तरी जात नाही. कंपनीचा रीतसर उपाय काय, तर मदरबोर्ड बदला. आणि डिस्कलाच पासवर्ड घातलेला असेल तर ती काढून दुसऱ्या मशीनला लावली तरी तो तिच्याबरोबर येतो. विंडोज ११ जुगाड करूनही टाकता येतं, असंही एकाने सांगितलं. मग बावीस हजार मी कशाचे मोजले, जुगाडाचे?

दुकानात परत गेलो. "पहले देख के लेना था ना, भिया." बरं, चूक माझी. परत घ्या म्हटलं. त्याने मशीन उलटंपालटं केलं, सुरू केलं आणि या वेळी, माझ्या डोळ्यांदेखत, त्याने ते बटण दाबलं. कुलूप आलं. "तेरह दे दूँगा. इसमें तो बायोस लॉक है."

माहीत होतं! विकताना माहीत नव्हतं आणि घेताना बरोबर माहीत होतं!

बास झाला उपरोध. अरे, नारळ घेताना कानाशी हलवून पाणी वाजतं का बघता आणि बावीस हजारांच्या मशीनचं एक बटण दाबायला लाजता? दाबा. पैसे खिशात असतानाच दाबा. पासवर्ड मागितला की मशीन खाली ठेवा आणि बाहेर पडा, "शाम तक खुलवा दूँगा" ऐकत थांबू नका. आत जाता आलं तरी हुरळू नका, काही मशीनवर पासवर्डशिवाय आत नुसतं बघता येतं, बदलता काही येत नाही. एखादी सेटिंग बदला, सेव्ह करा, पुन्हा आत जाऊन बघा. मग विंडोज त्याच्यासमोर रीसेट करायला लावा आणि आपल्या मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडा. कुठल्यातरी कंपनीचं नाव येऊन ऑफिसचा ईमेल मागितला, तर ते मशीन अजून त्या कंपनीच्या नावावर नोंदलेलं आहे. मॅकबुक असेल तर आधीच्या मालकाच्या अ‍ॅपल आयडीतून ते निघालंय का, तेही तिथेच बघा. अर्धा तास तरी लागेल. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे.

आणि लॉट काढणाऱ्या आयटीवाल्यांनो, जुन्या खुर्च्या विकतानासुद्धा कप्प्यातले कागद काढून घेता ना? मग हा एक पासवर्ड काढायला काय झालं होतं? दोन मिनिटांचं काम ते.

तेरा हजार मी घेतले नाहीत. मशीन घरीच आहे, विंडोज १० वर. शेजारचे म्हणाले, ऑनलाइन जाहिरात टाका, कुणीतरी घेईल, लॉकचं सांगायचं कशाला. त्यांना चहा न विचारता मी दार लावून घेतलं.