चाळीसगावात शहामृग कुठला?

आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये सध्या एक सूचना डकवलेली आहे. ‘काही सभासद आपल्या सदनिकेत केस अथवा पिसे जाळण्याचे उद्योग करीत असल्याचे निदर्शनास आले आहे, तरी संबंधितांनी ते त्वरित बंद करावेत.’ सूचनेत कोणाचेही नाव नाही. तरीही मी लिफ्टमध्ये शिरलो की शेजारीपाजारी ज्या तत्परतेने रुमाल नाकाकडे नेतात, त्यावरून संबंधित कोण हे पहारेकऱ्यालाही ठाऊक झालेले दिसते.

मी केस जाळत नाही. मी अंड्यांच्या कवचावर लेझरने नक्षी कोरतो. अंड्याच्या दोन्ही टोकांना छिद्र पाडून आतला ऐवज फुंकून काढायचा, कवच धुऊन वाळवायचे आणि यंत्राखाली हळूहळू फिरणाऱ्या पकडीत बसवायचे, एवढीच पूर्वतयारी. त्यातून निघणाऱ्या ऑम्लेटांना आमच्या घरात आता कोणी वाली उरलेला नाही. खरा छळ पुढे सुरू होतो. कवचाची जाडी जेमतेम 0.3 ते 0.4 मिलिमीटर असते. माझ्या यंत्राचा प्रकाश निळा असल्यामुळे पांढरे अंडे तो बराचसा परतवून लावते, आणि म्हणून मला दुप्पट भाव देऊन तपकिरी अंडी आणावी लागतात. शक्ती कमी ठेवली तर रेघ उमटत नाही आणि थोडी वाढवली की थेट भोक पडते. अंड्याला सगळीकडून गोलाई असल्याने झोत मध्यभागी नेमका बसतो, तर टोकांकडे पसरट होऊन सगळी नक्षी धुरकट करून टाकतो. कवच मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे असल्यामुळे त्याला स्वतःला फारसा वास नसतो; मात्र त्यातली आणि आतल्या पापुद्र्यातली गंधकयुक्त प्रथिने जळली की थेट केस जळल्यासारखा दर्प सुटतो. सूचना लिहिणाऱ्याचे नाक तेवढे बरोबर होते, हे मान्य करावे लागेल.

ते नाक आमच्या सेक्रेटरीकाकांचे. गेल्या रविवारी दुपारी मी कवचावर वारली शैलीतला तारपा नाच कोरत होतो आणि नर्तकांचे वेटोळे जवळजवळ पूर्ण होत आले होते, तेवढ्यात काका आले आणि उंबऱ्यातच उभे राहून दीर्घ श्वास घेत त्यांनी विचारले, “कोणाचं जावळ काढताय का?”

मी त्यांना सगळा प्रकार समजावून सांगितला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि मग, एखाद्या न्यायाधीशाला शोभेल अशा गांभीर्याने, हे शाकाहारी की मांसाहारी, असा मूळ प्रश्न उपस्थित केला. “खायचं नाहीये, काका,” मी म्हणालो. “ते वेगळं,” ते म्हणाले, “पण उद्या कोणी विचारलं तर मी काय सांगू?” अंडे रिकामे असल्याचे मी सांगताच त्यांनी टेबलावरचे तारपा नाचाचेच एक तयार अंडे उचलून कानाशी हलवून पाहिले. यंत्र चालू असताना संरक्षक चष्मा लावावा लागतो म्हणून मी तो त्यांना दिला, तर तो डोळ्यांवर चढवून त्यांनी बराच वेळ अंड्याकडे निरखून पाहिले आणि निराश होऊन म्हणाले, “यात थ्रीडी काहीच दिसत नाही.”

नंतर अपेक्षेप्रमाणे ‘पण याचा उपयोग काय?’ हा प्रश्न आला. मी रशियातल्या फाबर्जे या जवाहिऱ्याचे उदाहरण दिले. 1885 साली रशियाच्या झारने राणीला ईस्टरनिमित्त भेट देण्यासाठी त्याच्याकडून अंडे घडवून घेतले होते, हे ऐकून काका क्षणभर प्रभावित झाल्यासारखे वाटले.

“कशाचं होतं?”

“सोन्याचं. वर पांढरा मुलामा.”

“म्हणजे अंडं नव्हतंच ते,” काका म्हणाले, आणि याला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

मग मी घरचा पुरावा काढला. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणे येथे उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचा तुकडा सापडला असून, त्यावर सुमारे 25,000 वर्षांपूर्वी कोणीतरी रेघांची जाळीदार नक्षी कोरलेली आहे, हे मी त्यांना जरा अभिमानानेच सांगितले. काकांचा चेहरा बदलला. “चाळीसगाव माझी सासुरवाडी आहे,” ते म्हणाले. “लग्न झाल्यापासून जातोय मी तिथे. शहामृग कुठला? एकदाही दिसला नाही.” हिमयुगात तिथले हवामान वेगळे होते, हे मी सांगू लागलो, पण काकांनी तिथल्या तिथे बायकोला फोन लावून खातरजमा करून घेतली आणि काकूंनीही माहेरी शहामृग नसल्याचे ठामपणे कळवले.

या विजयाच्या भरात त्यांनी हातातले अंडे टोकांवर तर्जनी आणि अंगठ्यात धरले. “उभं दाबलं तर अंडं फुटत नाही, आम्हाला शाळेत शिकवलंय,” असे म्हणून त्यांनी ते दाबले. शाळेत शिकवलेले अंडे भोके पाडलेले नसावे. तारप्याभोवती हात धरून उभी असलेली अख्खी वस्ती चुरगळून त्यांच्या तळहातावर आली. काकांनी ती माझ्या बशीत झटकली आणि म्हणाले, “हे जुनं असणार.” दिलगिरीचा एक शब्द नाही. पाटण्याच्या त्या कारागिराला निदान दोनेक मिलिमीटर जाडीचे कवच मिळाले होते, आणि सेक्रेटरी तर नव्हताच.

मला राग अंडे फुटल्याचा नाही. ती फुटतातच, माझ्या हातूनही फुटतात. पण समोरच्या सदनिकेत महिनाभर फरशा फोडल्या जात होत्या तेव्हा सूचना लागली नाही, कोपऱ्यावर रोज सकाळी प्लॅस्टिकसकट कचरा पेटवला जातो त्याबद्दल कोणाच्या नाकाची तक्रार नाही, आणि दिवाळीत जिन्यात फटाक्यांचा धूर कोंडतो तो तर उत्साहात मोडतो. अंडे म्हटले की मात्र सगळ्यांची घ्राणेंद्रिये जागी होतात. शालेय पोषण आहारात अंडे देण्याचा निर्णय 2023 साली झाला तेव्हाही विरोध झालाच होता, आणि तिथे तर प्रश्न मुलांच्या पोटाचा होता. माझ्या नक्षीची काय कथा!

सूचना लागल्याच्या दुसऱ्याच दिवशी काकांचा निरोप आला. त्याच यंत्रावर लाकडी पाट्या होतात असे त्यांच्या कानावर आले असून, वाहनतळासाठी सर्व सभासदांच्या नावांच्या पाट्या सोसायटीचे काम म्हणून विनामूल्य करून द्याव्यात, त्यांची स्वतःची जरा मोठी असावी, अशी त्यांची इच्छा आहे. लाकडाचा धूर चालतो, असेही त्यांनी कळवले आहे. मी त्यांना अक्षरागणिक दर पाठवला असून, त्यांच्या हुद्द्यासह संपूर्ण नावाचा हिशेब करताना जोडाक्षरे दुप्पट धरली आहेत.