‘लेखक टर्नर असावेत’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

टायटॅनियममध्ये आटे पाडताना घन वंगण (मॉलिब्डेनम डायसल्फाइड, ग्रॅफाइट यांसारखं) कसं वापरावं, यावर मी मागच्या आठवड्यात लिहिलं होतं. त्याखाली एका वाचकांची प्रतिक्रिया आली. ती आधी पूर्ण देतो, म्हणजे मी सोयीचं तेवढंच उचललं असं कुणाला वाटायला नको.

‘पावडर चोपडून टायटॅनियम कापता येतं हे वाचून हसू आलं. लेखक टर्नर असावेत, इंजिनिअर नसावेत. टायटॅनियमला भरपूर कूलंटच लागतं. मॉलिब्डेनम डायसल्फाइड हवेत ३५० अंशांपुढे टिकत नाही आणि टूलच्या टोकाशी त्याच्या दुप्पट तापमान असतं. शिवाय पावडर श्वासात जाते आणि जॉब धुण्याचा खर्च तुम्ही धरलेलाच नाही.’

महोदय, आपण मुद्दे मांडले त्याबद्दल आभार. पण पहिली दोन वाक्यं मुद्दे नाहीत. लेखात चूक असेल तर ‘इथे चूक आहे’ एवढं लिहून भागतं. हसू आल्याची बातमी मला कशाला? आणि टर्नर असावेत म्हणजे काय? टर्नरच आहे मी, लेथवर काम करणारा. १९९१ साली भुसावळला आयटीआयमधून टर्नर ट्रेड केला. वडील जिनिंगमध्ये फिटर होते, त्यांच्या पगारात पुढचं शिक्षण बसत नव्हतं. भोसरीत १३ वर्षं लेथवर काढली, मग जळगावच्या एमआयडीसीत स्वतःची शेड घेतली. दोन साधे लेथ, एक सीएनसी. मे महिन्यात पत्र्याखाली ४५ अंशांत उभं राहून हे काम करतो. ‘टर्नर’ हा शब्द शिवीसारखा वापरलेला मला चालणार नाही. माझ्याकडे शिकलेली पोरंही हे वाचतात.

आता ३५० अंश. हा आकडा खरा आहे. साधारण तिथूनच मॉली (मॉलिब्डेनम डायसल्फाइडला आम्ही हेच म्हणतो) हवेतला ऑक्सिजन घेऊन ऑक्साइड व्हायला लागतं आणि मग त्याचा निसटतेपणा जातो. आपण सांगितलेलं दुप्पट तापमानही खरं आहे, पण कशात? टर्निंगमध्ये, म्हणजे लेथवर फिरता जॉब कापताना. कार्बाइडच्या कापणाऱ्या तुकड्यानं (इन्सर्टनं) मिनिटाला ५०-६० मीटर वेगानं कापताना. टायटॅनियम उष्णता वाहून नेत नाही. साध्या पोलादाच्या साधारण सातव्या हिश्शाइतकी त्याची वाहकता, म्हणून ती उष्णता चिपबरोबर निघून जायची सोडून टूलच्या धारेपाशी साचते. हे मी नाकारलेलं नाही. लेखाच्या दुसऱ्याच परिच्छेदात ‘टर्निंगला कूलंट भरपूर सोडा’ असं लिहिलंय. तुम्ही तो वाचला नाही.

लेख टॅपिंगवर होता, म्हणजे टॅप नावाच्या दातेरी हत्यारानं भोकात आटे पाडण्यावर. टॅपिंगला माझा वेग मिनिटाला ५ मीटरच्या आत असतो, हाताने मारला तर त्याहून कितीतरी कमी. तिथे ७०० अंश कुठून येणार? तिथला त्रास उष्णतेआधी पकडीचा. टायटॅनियमचा ताठपणा पोलादाच्या जवळपास निम्मा आहे. दाब पडला की ते मागे सरतं आणि टॅपचा दात पुढे गेला की परत येऊन त्याच्या पाठीला चिकटतं. भोक टॅपला आवळून धरतं. त्यात हा धातू टूलला चिकटणारा. माझ्याकडचा चाळीसगावकडचा पोरगा पहिल्यांदा ओरडला होता, ‘भाऊ, टॅप अडकना!’ मागे फिरवायला गेला आणि टॅप आतच तुटला. गुजरातेतल्या रासायनिक कारखान्याच्या व्हॉल्व्हचा तो पार्ट होता, ग्रेड ५ या टायटॅनियमच्या मिश्रधातूचा, आदल्या सगळ्या ऑपरेशन्स झालेल्या. तो भंगारात टाकताना काय वाटतं ते कागदावर मांडता येत नाही.

अशा जागी दूधपाण्यासारखं कूलंट काय करणार? टॅपची पाठ आणि भोकाची भिंत यांच्यात इतका दाब असतो की पातळ थर तिथून पिळून निघतो. मॉलीची गोष्ट वेगळी. त्याचे कण पापुद्र्यांचे असतात. मॉलिब्डेनमच्या दोन्ही बाजूंना गंधकाचा थर, आणि एका पापुद्र्याच्या गंधकाची दुसऱ्याच्या गंधकाशी ओढ अगदी क्षीण. म्हणून दाबाखाली ते पिळून बाहेर जात नाही, पापुद्रे एकमेकांवरून सरकतात. टॅपच्या दातांना पेस्ट चोळून बसवली की ती तिथेच राहते. ड्रिलही मी थोडं मोठं घेतो, एम ८ ला, म्हणजे ८ मिलिमीटरच्या आट्याला, ६.८ ऐवजी ६.९ मिलिमीटरचं. आट्याची उंची थोडी कमी होते, ती बहुतेक कामांत चालते, पण ड्रॉइंगवर विचारून घ्यायचं. हेही लेखात होतं.

आणि जिथे तापमान खरंच वर जातं तिथे मॉलीच वापरा असं मी कुठे म्हटलं? हेक्सागोनल बोरॉन नायट्राइड आहे. पांढरं, ग्रॅफाइटसारखंच पापुद्र्यांचं, हवेत ९०० अंशांच्या आसपासपर्यंत टिकणारं. महाग आहे, म्हणून आमच्यासारख्या छोट्या शेडमध्ये ते फारसं दिसत नाही. अगदी कमी तेलाच्या फवाऱ्यात असे कण मिसळून कटिंग करण्यावर बरंच संशोधन झालेलं आहे. ‘पावडर चोपडणे’ असं म्हणून ते सगळं उडवून लावायचं, याचा मला राग आला. तो मी लपवत नाही.

एक गोष्ट मान्य करतो. लेखात मी ग्रॅफाइट आणि मॉली एकाच दमात लिहून टाकले, जणू एक नसेल तर दुसरं चालेल. ते बरोबर नव्हतं. ग्रॅफाइटला निसटायला हवेतला ओलावा लागतो. दुसऱ्या महायुद्धात फार उंचावर उडणाऱ्या विमानांच्या जनरेटरमधले कार्बन ब्रश भराभर झिजायला लागले, ते वरच्या कोरड्या विरळ हवेमुळेच. मॉलीचं उलट आहे, त्याला ओलावा बाधतो. त्यामुळे जळगावच्या उन्हाळ्यात जो डबा उघडा राहिला तरी चालतो, त्याचं झाकण आषाढ-श्रावणात घट्ट लावायला हवं. हे मी लिहायला हवं होतं. लेखात दुरुस्ती केली आहे.

श्वास आणि धुण्याचा खर्च याबद्दल. मी पेस्ट वापरतो, उडणारी पावडर नव्हे. धुणं तर कुठल्याही वंगणानंतर आहेच. त्यावर वेगळं काही लिहावं असं मला वाटत नाही.

टायटॅनियमबाबत मी बेफिकीर आहे असा जो सूर आपल्या प्रतिक्रियेत आहे, त्याचं मात्र सांगतो. भोसरीला रात्रपाळीत एकदा ट्रेमधल्या बारीक टायटॅनियमच्या किसाने पेट घेतला. तो कारखाना कुठला, ते इथे लिहीत नाही. हेल्परने घाबरून पाण्याची बादली ओतली आणि पांढरा भडका छतापर्यंत गेला. जळतं टायटॅनियम पाण्यातला ऑक्सिजन खेचून घेतं, मागे हायड्रोजन सुटतो. आम्ही कोरडी वाळू टाकून ते विझवलं. त्या मुलाच्या भुवया जळाल्या. डोळे वाचले. तेव्हापासून माझ्या शेडमध्ये कीस रोजच्या रोज उचलला जातो आणि कोरड्या वाळूचा डबा मशीनशेजारी असतो. टायटॅनियमची भीती मला आकड्यांवरून शिकावी लागलेली नाही.

आपण इंजिनिअर असाल, तर जळगावला या. मी एक ग्रेड ५ ची पट्टी ठेवली आहे, त्यात दहा भोकं पाडतो. पाच आपण आपल्या कूलंटवर टॅप करा, पाच मी पेस्टवर करतो. टॅप एकाच डब्यातले, नवे. सकाळी नऊच्या आत या, नंतर पत्रा तापतो.