बायॉप्सी नॉर्मल आली तरी पाठपुरावा करा
जिस्ट म्हणजे जठरात किंवा आतड्यात होणारी एक प्रकारची कर्करोगाची गाठ. तिच्या शस्त्रक्रियेबद्दल तुमच्या लेखात छान लिहिलंय, पण निदान कुठे अडतं ते दोन ओळींत उरकलंय. ही गाठ जठराच्या अस्तराखाली, स्नायूंच्या थरात वाढते. साध्या एंडोस्कोपीत घेतलेला तुकडा बऱ्याचदा वरच्या अस्तराचाच असतो, मग रिपोर्ट नॉर्मल येतो. माझ्या सासऱ्यांचं असंच झालं. शौचाला डांबरासारखं काळं होत होतं, हिमोग्लोबिन उतरत होतं आणि रिपोर्टात मात्र किरकोळ सूज! पुढे एंडोस्कोपिक सोनोग्राफी करून सुई थेट गाठीत घातली, तेव्हा कुठे सीडी११७ आणि डॉग१ ही जिस्ट ओळखणारी प्रथिनं पॉझिटिव्ह आली.

सर्जन एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होते, गाठ फुटता कामा नये. फुटली तर पेशी पोटात सांडतात आणि आजार उलटण्याचा धोका फार वाढतो. म्हणून दुर्बिणीतून ऑपरेशन केलं तरी गाठ पिशवीत घालूनच बाहेर काढतात. लसिकाग्रंथी सहसा काढाव्या लागत नाहीत.

धोका जास्त असेल तर नंतर किमान ३ वर्षं इमॅटिनिब ही कर्करोगावरची गोळी घ्यावी लागते. त्याआधी गाठीच्या जनुकीय तपासणीचा आग्रह जरूर धरा, कारण पीडीजीएफआरए जनुकात डी८४२व्ही हा बदल असेल तर या गोळीचा उपयोग होत नाही.