माव्याची पुडी आणि येलचा नकाशा

कोल्हापुरात मिरजकर तिकटीच्या कट्ट्यावर परवा चहा संपायच्या आत तात्यानं तंबाखूच्या माव्याची पुडी सोडली आणि पैलवान तापला.

"डॉक्टरनं तोंड कमी उघडतंय म्हणून सांगितलंय न्हवं? भ्या वाटत न्हाई व्हय?"

"वाटतंय की," म्हणत तात्यानं बार भरला.

पैलवानाचं म्हणणं, भीतीच कमी पडायलीय. मास्तर हसले. "२०१६ पासून तंबाखूच्या पाकिटाचा ८५ टक्के भाग इशाऱ्यानं भरलाय. अजून किती भ्या घालणार? आणि टपरीवाला प्लॅस्टिकवर सुपारी, तंबाखू, चुना टाकून तळव्यानं घोळतो, रबर लावून देतो. त्यावर ना चित्र, ना व्यसन सोडायच्या मदतीचा १८००-११-२३५६ नंबर."

हे बिनतोड होतं. पण मास्तर एकदा सुटले की थांबत नाहीत. १९६५ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठात हॉवर्ड लेव्हेंथल आणि सहकाऱ्यांनी पोरांना धनुर्वाताच्या लसीची माहितीपुस्तिका दिली. काहींना अंगावर काटा आणणारी, काहींना सौम्य. घाबरलेली पोरं लस घ्यायलाच पाहिजे म्हणाली खरी, पण प्रत्यक्ष टोचून घेण्यात दोन्हीकडं फारसा फरक नव्हता. फरक पडला तो दुसऱ्याच गोष्टीनं. काहींच्या हातात दवाखान्याची खूण केलेला नकाशा दिला आणि आठवड्यात कधी जमतंय ते बघून ठेवायला सांगितलं. त्यातली सुमारे २८ टक्के गेली, बाकीच्यांतली ३.

"म्हणजे भीती फुकट?" पैलवान.

"न्हाई. पुस्तिका न देता नुसता नकाशा देऊनही काम झालं न्हाई. दोन्ही लागतंय."

"कसलं काय मास्तर! मन घट्ट पाहिजे, बास."

इथं मी तोंड घातलं. पैलवान पहाटे तालमीत जातो तो काय रोज मन घट्ट करून? वस्ताद हाक मारतो, जोडीदार आखाड्यात उभा असतो. न जाणंच जड पडतं. त्याची सगळी सोय लावलेली, आणि तात्याला मात्र उपदेश! (पैलवान यावर चार मिनिटं बोलला नाही, हे कट्ट्याच्या इतिहासात नोंदवण्यासारखं.)

मास्तरांनी मग पीटर गोलवित्झर या मानसशास्त्रज्ञाचं सांगितलं: 'सोडणार' असा मोघम निश्चय नको, 'अमुक झालं की तमुक करणार' असं आधीच ठरवायचं.

"तात्या, तलफ येती कवा?"

तात्यानं विचार केला. "जेवण झालं की. आणि हितं, चहा झाला की. कोणतरी पुडी सोडतंय, हात आपसूक पुढं जातोय."

"मग चहा झाला की बडीशेप," मास्तर म्हणाले. "आणि कट्ट्यावर कुणीच पुडी काढायची न्हाई."

झालं! तात्या राहिला बाजूला, निम्मा कट्टा मास्तरांवर तुटून पडला. "आमचा काय संबंध? सोडायचंय त्याला!" पुडी ज्याची त्याची, की कट्ट्याची, यावर दुकानं बंद होईपर्यंत भांडण चाललं. तात्या तेवढ्यात बडीशेप आणायला गेला होता.