चित्रात मयालबी नाही

आमच्या घराची मधली भिंत पाडायचं ठरलं ते पुण्यात. मुलाच्या वाकडच्या फ्लॅटमध्ये सोफा, जेवणाचं टेबल, टीव्ही आणि ओटा अशी सारी मंडळी एकाच खोलीत नांदतात. सोफ्यावरून मी "चहा टाक" म्हटलं, तर सौ.नं नुसती मान वळवून "टाकला" म्हटलं. एवढ्यावर मी भाळलो. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या घरात हाच निरोप छपरीतून, म्हणजे पुढच्या बैठकीतून, निघून माजघर ओलांडतो आणि सैपाकघरातून "काय म्हनता?" होऊन परत येतो.

पोरानं मोबाइलवर चित्र धाडलं. छपरी, माजघर, सैपाकघर मिळून एकच लांबलचक हॉल. मे महिन्यात मिस्त्री आला. त्यानं भिंतीवर थाप मारली, वर मयालांकडे, म्हणजे छताच्या लाकडी तुळयांकडे, पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. डॉक्टर रिपोर्ट वाचून नातेवाइकाकडे पाहतात ना, तसं.

"गुरुजी, हे भीत पाडाची हाय काय? सारे मयाल इच्यावरच टेकले हायेत."

"चित्रात भिंत नाही," मी म्हणालो.

"चित्रात मयालबी नाही."

मग लोखंडी गर्डर आला. गर्डरला खांब लागले, खांबांना खड्डे, खड्ड्यांना रेती-गिट्टी, आणि या सगळ्याला माझी मुदत ठेव. दीड हात जाडीची ती मातीची भिंत पडायला तीन दिवस लागले. मरताना तिनं एक कबुलीही दिली. देवळीशेजारचा चुन्याचा पापुद्रा निघाला आणि आत बाबांच्या अक्षरात कोळशानं लिहिलेला हिशेब निघाला. कोणत्या वेचणीचा किती कापूस माजघरात पडला, ओळीखाली ओळ. मी गहिवरून फोटो काढला, पोराला धाडला. त्यानं अंगठा दाखवला. 'माजघरात' हा शब्द दोघांनीही वाचला, पण कळला एकालाही नाही.

हॉल झाला. गाव बघून गेलं. एक आजी दारातच थबकल्या, "बाप्पा, सैपाकघर रस्त्यावर आनलं काय?" म्हणाल्या आणि ओट्याकडे पाठ करून बसल्या, उघड्यावर कोणी आंघोळ करत असल्यासारख्या.

खरी गंमत पुढे. आमच्याकडे मे म्हणजे पंचेचाळीस अंश, म्हणजे कूलर आलाच. समोरच्या खिडकीतला कूलर सुरू झाला की त्याचा वारा मधे कुठे न अडता थेट शेगडीपर्यंत पोचू लागला. गॅसची ज्योत आडवी व्हायची, मग विझायची. "अवो, कूलर बंद करा ना! भाकर कच्ची राह्यली!" कूलर बंद केला की भाकर शेकायची आणि पाहुणेही. वर भिवापुरी मिरचीची फोडणी पडली, की ज्या क्रमानं पाहुणे बसलेत त्याच क्रमानं ठसके लागायचे.

यावर उपाय म्हणून यवतमाळहून चिमणी आणली. तासाला 1200 घनमीटर हवा ओढते, असं दुकानदार म्हणाला. आवाजाचं तो काही बोलला नव्हता. पहिल्यांदा लावली तेव्हा आई काठी घेऊन अंगणात निघाली, दारात थ्रेशर आलं म्हणून. शिवाय सौ.ला मालिकेतलं एक अक्षर ऐकू येईना. चिमणी त्याच दिवशी निवृत्त झाली. माझ्यासारखी, पण पेन्शनशिवाय.

याहून मोठी अडचण दुधाची. पाहुणे आले की आई आतून बांगडी भिंतीवर वाजवायची. एकदा वाजवली तर दूध आहे, दोनदा वाजवली तर नाही. मग मी बाहेर "कोरा चहा पित्ताला बरा" असा विषय काढायचो. तीस वर्षांत कुणाला संशय आला नव्हता. आता भिंतच नाही. आईनं सवयीनं ओट्याच्या ग्रॅनाइटवर दोनदा टक्‌टक्‌ केलं, तर समोरून साडभाऊ म्हणाले, "काय पाह्यजे, मावशी?" मला खालची फरशी मोजावी लागली.

ऑक्टोबर संपता संपता सीतादही, म्हणजे वेचणीआधीची शेतातली पूजा, झालं आणि वेचणी लागली. पहिल्या वेचणीचा कापूस घेऊन गाडी दारात उभी राहिली, तेव्हा माणसानं विचारलं, "गुरुजी, कुठी टाकू?" आणि मला कोळशाची ती अक्षरं आठवली. माजघर! माजघर तर मीच पाडलं होतं. कापूस ओला. ओलावा 12 टक्क्यांच्या वर असला की सरकारी खरेदी केंद्रावर घेत नाहीत. लांब धाग्याचा 2025-26 च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये, व्यापारी त्याच्या पुष्कळ खाली. म्हणजे घरातच वाळवायचा आणि वाट पाहायची.

हॉलमध्ये टाकला. दुसरी वेचणी आली, ढीग गर्डरला टेकला. पंखा आता कापसासाठी फिरतो. सोफ्यावर बसलेला माणूस पाच मिनिटांत अंग खाजवू लागतो, म्हणून बैठक बाहेर ओट्यावर खाटेवर. कापसाशेजारी शेगडी पेटवायची म्हणजे दिवाळी झाल्यावर पुन्हा दिवाळी, म्हणून सिलिंडर उचललं आणि चूल मागे सांदवाडीत मांडली. ग्रॅनाइटवर सध्या तुरीच्या डाळीचे डबे आहेत.

परवा साडभाऊ पुन्हा आले. खाटेवर बसले. मधे कापसाचा डोंगर, पलीकडचं काही दिसत नव्हतं. मी कानोसा घेत होतो, पण कापसावर बांगडी कशी वाजणार? तेवढ्यात ढिगामागून खणखणीत आवाज आला. आईनं पळीनं चिमणीचा पत्रा वाजवला होता. ठण्ण, ठण्ण.

"साडभाऊ," मी म्हणालो, "तुम्हाला पित्ताचा त्रास होता ना?"