होडी अर्धवट नाहीये

फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेच्या 'इम्प्रेशन, सनराइज' या बंदरातल्या सूर्योदयाच्या चित्रावरची तुमची कमेंट वाचली. 'दोन काळे फटकारे मारायचे, त्याला होडी म्हणायचं आणि आपण वाहवा करायची', आणि दुसरं म्हणजे मोनेने बंदरातली मेहनत सगळी धुक्यात दडवली, असं तुमचं म्हणणं. मला दोन्ही पटत नाही.

अर्धवट हा आरोप जुनाच आहे, १८७४ मध्ये पॅरिसला हे चित्र लागलं तेव्हा लुई लरवा या समीक्षकाने वॉलपेपरचा कच्चा नमुनासुद्धा यापेक्षा पूर्ण असतो असं छापलं होतं. पण मोनेला रेखीव काढता येत नव्हतं असं नाही हो, १८६५ मध्येच त्याची दोन समुद्रचित्रं सलाँ या सरकारी प्रदर्शनात लागली होती. म्हणजे इथे त्याने तपशील मुद्दाम सोडलेत.

एक करून बघा. चित्राचा फोटो मोबाईलवर घ्या आणि ब्लॅक अँड व्हाईट करा. तो केशरी सूर्य जवळपास गायब होतो, कारण त्याचा उजेड मागच्या करड्या आभाळाएवढाच ठेवलाय, फरक फक्त रंगाचा, मार्गारेट लिव्हिंगस्टन या शास्त्रज्ञ बाईंनी हे नीट समजावून सांगितलंय. आणि मग काय उरतं? ती होडी! अख्ख्या चित्रातला सगळ्यात गडद भाग तोच, तिच्या मागे दुसरी होडी जरा फिकी, तिसरी तर धुक्यात विरघळत चाललेली, आणि या तिरक्या ओळीमुळेच पाणी लांबवर पसरलेलं वाटतं. होडीत एकजण उभा, एकजण बसलेला. तिथे नाक-डोळे आणि फळ्यांच्या फटी काढल्या असत्या तर नजर तिथेच अडकली असती, मागे गेलीच नसती.

आता मेहनतीचं. हे फ्रान्सच्या नॉर्मंडी भागातल्या ल हाव्रचं बंदर, मोने लहानाचा मोठा झाला ते गाव, आणि १८७२ मध्ये हॉटेलच्या खिडकीतून तो बघत होता. मागे नीट बघा, डोलकाठ्या आहेत, क्रेन आहेत, धूर सोडणारी धुराडी आहेत, फ्रान्स नुकताच प्रशियाकडून युद्ध हरलेला आणि इथे भल्या पहाटे गोदी चालू आहे. सुंदर सूर्योदयच हवा असता तर नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर मोकळ्या जागा कमी नव्हत्या, त्याने धुराचं बंदर निवडलं.

हमालांचे चेहरे नाहीत हे तुमचं खरं आहे, पण त्या खिडकीतून त्या वेळी ते दिसणारही नव्हते.