गणपतीच्या नोटेपलीकडचा इंडोनेशिया

इंडोनेशियावरच्या एका लेखात, तिथे सगळे धर्म सुखाने नांदतात हे सांगताना लेखकाने गणपतीचं चित्र असलेल्या नोटेचा दाखला दिलाय. ती १९९८ ची वीस हजार रुपियाची नोट केव्हाच चलनातून गेली. ते असो, पण तिथे प्रार्थनास्थळ बांधायचं तर काय करावं लागतं, हे लेखात यायलाच हवं होतं. २००६ च्या नियमानुसार ९० भाविकांची ओळखपत्रं आणि वर परिसरातल्या ६० रहिवाशांचा पाठिंबा लागतो. जाकार्ताजवळच्या बोगोर शहरातल्या यास्मिन चर्चकडे तर रीतसर परवानगी होती. महापालिकेने ती गोठवली, २०१० मध्ये सील ठोकलं. सर्वोच्च न्यायालयात चर्च जिंकलं, तरी सील निघालं नाही. मग ही मंडळी वर्षानुवर्षं जाकार्तात थेट राष्ट्राध्यक्षांच्या राजवाड्यासमोर, रस्त्याकडेला, उन्हापावसात रविवारची प्रार्थना करत राहिली. २०२३ मध्ये चर्च मिळालं, तेही दुसऱ्या जागी. निकाल हातात असून अशी वणवण, याचा मला संताप येतो.

आणि हा केवळ हिंदू किंवा ख्रिश्चनांचा प्रश्न नाही. स्वतःला मुस्लिम मानणाऱ्या अहमदिया पंथाच्या मशिदींनाही सील लागलीत. ख्रिश्चनबहुल भागात हाच नियम मशिदींच्या आड येतो. दुसरीकडे, नाताळात चर्चबाहेर पहारा देणारे नहदलातुल उलमा या मोठ्या मुस्लिम संघटनेचे तरुणही तिथलेच. त्यांच्यावर लेखात दोन ओळी तरी हव्या होत्या.